'कुठे' असं विचारू नये

"कुठे चाललीस?"

निहारिकेचा हात फाटकाच्या कडीवर होता आणि कडी अर्धी वर आली होती. आवाज न करता ती पूर्ण उचलायची विद्या तिला या दोन वर्षांत चांगली साधली होती. पण वडील ओट्यावर तोंडाला साबण फासून, आरसा खिडकीला टेकवून उभे होते, आणि आरशात फाटक दिसतं हे ती आज विसरली.

माधवराव कारखानिसांना ती कुठे चालली आहे हे पक्कं ठाऊक होतं. उज्जैनच्या भैरवगढला छापील चादरी परदेशी पाठवणारी एक नवी कंपनी निघाली होती. तिला नक्षी काढणारी आणि जरा इंग्रजी लिहिता येणारी मुलगी हवी होती. अकरा वाजता मुलाखत होती, आणि घरात चार दिवस दुसरा विषय नव्हता. तरी त्यांनी विचारलं, कारण ते विचारतातच. कुणी पायात चप्पल सरकवली की माधवरावांच्या तोंडून 'कुठे' बाहेर पडतं. सरकारी कचेरीत ते आवक-जावक बघत. कोणता कागद कुठे चालला, हे विचारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. मुलगीही त्यांना जावक कागदच वाटत असावी.

"झालं," आतून अक्कांचा आवाज आला. "विचारलं. ये आता आत."

अक्का म्हणजे माधवरावांची थोरली बहीण. निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारू नये, काम होत नाही, फारच राहवलं नाही तर 'लांब का?' म्हणावं, हे आपल्याकडे सगळ्याच घरांत सांगतात आणि बहुतेक घरांत सोडूनही देतात. अक्कांनी त्याचा कायदा केला होता. फाटकाच्या आसपास कुणी 'कुठे' विचारलं तर घरात परत यायचं, पाणी प्यायचं, पाच मिनिटं बसायचं आणि नव्यानं निघायचं. घर लांब राहिलं असेल तर कुणाच्याही छपराखाली बसायचं, पण पाणी प्यायचंच. या कायद्यापायी कारखानीस मंडळी आजवर दोन लग्नांत अक्षता पडून गेल्यावर पोचली होती.

"अक्का, मला उशीर होईल ना," निहारिका म्हणाली.

"पाच मिनिटांनी काय होऊन जातं? बस."

निहारिका बसली. तिच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण चेहऱ्यावर ती काही दाखवत नसे. मागच्या वर्षी एका शाळेत तिला चित्रकला शिकवायची जागा मिळत आली होती. माधवराव सोबत म्हणून गेले. प्राचार्यांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं, आणि बाहेर का बसवलं याचा जाब विचारायला ते आत गेले. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्यानंतर बरेच दिवस ती वडिलांशी लागेल तेवढंच बोलत होती. या वेळी तिनं आदल्या रात्री सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, की मी एकटी जाणार. माधवरावांनी 'बरं' म्हटलं होतं. पण तिचं पाणी पिऊन व्हायच्या आत इकडे त्यांची दाढी झाली, तोंड धुऊन झालं, आणि ते इस्त्रीचा शर्ट अंगात घालत बाहेर आले.

"मी येतो. देवास गेटला टेम्पो बदलायचा असतो. त्या गर्दीत एकटी पोरगी कशी जाईल?"

"बाबा, मी कॉलेजला रोज एकटीच जात होते."

"कॉलेजात मास्तर असतात. हे व्यापारी लोक. पगार काय देणार, संध्याकाळी कधी सोडणार, तिथं बायका किती आहेत, हे त्यांना मी विचारणार. तुला नाही विचारता येणार."

निहारिकेनं आशेनं आईकडे पाहिलं. पण सुलूताई केव्हाच पिशवीत नारळ ठेवत होत्या. भैरवगढला जायचंच आहे तर काळभैरवाचं दर्शन होऊन जाईल, अशी त्यांची समजूत होती. बरोबर दशम्याही होत्या, कारण दर्शनाला वेळ लागतो. आणि तिघं निघताहेत म्हटल्यावर अक्का मागे कशाला राहतील? वाटेत कुणी विचारलंच तर काय करायचं हे बाकीच्यांना नीटसं माहीत नव्हतं.

अशा रीतीनं जी मुलगी एकटी निघून गेली असती, तिच्या मागे एका प्रश्नापायी वऱ्हाड लागलं. ती आतून धुमसत होती. सगळ्यात जास्त राग तिला त्या आरशाचा आला.

फाटक ओलांडून मंडळी चार पावलं गेली असतील नसतील, समोरच्या नंदाभाभी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. नंदाभाभी चांगल्या स्वभावाच्या आहेत, आणि त्या सकाळी माधवनगर वस्तीत त्यांच्याइतकं वाईट काम कुणी केलं नाही.

"अरे वा, सब लोग. कहाँ चले?"

अक्का जागच्या जागी वळल्या.

"अक्का, ती हिंदीत बोलली," माधवराव म्हणाले.

"हिंदीत विचारलं म्हणून काय झालं? तुझं सगळं ऑफिस हिंदीत चालतं, तिथली कामं होत नाहीत का?"

"नाही होत."

"मग बघ."

परत घर, परत पाणी, परत पाच मिनिटं. माधवराव बसले नाहीत. दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत ते बोलत राहिले. देशात बाहेरच्या कंपन्या येऊन राहिल्यात, घरोघरी केबल आलीय, कोपऱ्यावरच्या बूथवरून मिनिटात अमेरिकेला फोन लागतो, आणि आपण तांब्याभांडं घेऊन बसलोय. अक्कांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि 'तू बसला नाहीस, तुझं धरलं जाणार नाही' एवढं म्हणाल्या. तेव्हा ते दात-ओठ खात पाच मिनिटं बसले. निहारिका घड्याळाकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर तिला रडू आलं असतं.

दुसऱ्यांदा निघाले तेव्हा माधवरावांनी बेत पक्का केला होता. समोरच्यानं विचारायच्या आधीच आपण सांगून टाकायचं. कोपऱ्यावर टेम्पो दिसताच ते दोन्ही हात वर करून धावले आणि ओरडले, "देवास गेट! देवास गेट!"

उज्जैनचा टेम्पो ज्यानं पाहिला नाही तो सुखी माणूस. पुढे लांबट नाक, मागे काळा धूर, आत समोरासमोर दोन बाकं. त्या बाकांवर जितकी माणसं मावतील त्याहून दोन जास्त बसल्याशिवाय तो हलत नाही. लोक कंटाळून उतरू लागले की ड्रायव्हर चार हात पुढे नेतो, सगळे खूश होतात, मग तो चार हात मागे आणतो. असल्या गाडीच्या तोंडाशी एक इस्त्रीचा शर्ट घातलेला गृहस्थ 'देवास गेट, देवास गेट' ओरडतोय म्हटल्यावर लोकांनी त्याला त्या गाडीचाच माणूस समजलं, यात लोकांची काही चूक नव्हती.

"भाईसाब, ये कहाँ जाएगी?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"अंकपात जाएगी क्या?" एका बाईनं विचारलं.

माधवरावांची कानशिलं तापली. त्यांनी घाबरून अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी थोडा विचार केला आणि निवाडा दिला.

"ते गाडीचं विचारून राहिलेत. आपलं नाही विचारलं. बसा."

बसले. टेम्पो भरायला लागला तितका वेळ लागला. त्यात माधवरावांच्या आवाजाला भुलून आलेल्या तीन सवाऱ्यांचा हातभार होता, आणि ड्रायव्हरनं त्यांना मोठ्या आपुलकीनं बिडी देऊ केली. माधवरावांनी ती अशा नजरेनं नाकारली, की समोर बसलेली बाई मुलाला घेऊन जरा सरकून बसली.

फ्रीगंजच्या टॉवरपाशी एक माणूस चढला. तो माधवरावांच्याच कचेरीतला निघाला. कचेरीत हा माणूस समोरून गेला तरी ओळख दाखवत नसे.

"अरे कारखानीस साब," तो तोंड भरून म्हणाला, "आज सपरिवार? किधर?"

माधवरावांनी डोळे मिटले.

"किधर म्हणजे कुठेच ना?" अक्कांनी सुलूताईंना हळू विचारलं.

"हो ना, अक्का," सुलूताई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नसे. घरातली निम्मी भांडणं त्यामुळेच होत.

देवास गेटला उतरल्यावर अक्का सरळ एका हॉटेलच्या छपराखाली जाऊन बाकावर बसल्या. त्यांच्यामागून सुलूताई बसल्या. माधवराव मात्र तिथेच उभे राहून आकाशाकडे बघत बोलू लागले, आणि त्यांच्या बोलण्यात बहीण, कचेरी, टेम्पो, नगरपालिका आणि सगळा माळवा येऊन गेला. हॉटेलवाल्यानं चार पाण्याचे ग्लास ठेवले आणि बिचाऱ्यानं फक्त 'क्या लेंगे' एवढंच विचारलं, तरी माधवराव त्याच्या अंगावर गेले.

निहारिका पाणी प्यायली. फाईल मांडीवर घट्ट धरून तिनं वडिलांकडे बघितलं. आता हे असेच त्या कंपनीच्या दारात जाणार. घामेजलेले, तांबडेलाल, कुणाशी तरी भांडायला तयार. मागच्या वर्षी तरी ते घरातून शांत निघाले होते. आज साहेबानं नुसतं 'बसा' म्हटलं तरी पुरे. तिला त्यांची कीवही आली आणि भयंकर रागही आला, आणि त्या दोन्हींत राग जास्त होता.

"अक्का, झाली पाच मिनिटं," ती उठत म्हणाली.

भैरवगढचा टेम्पो उभाच होता. काचेला पिवळी प्लास्टिकच्या झेंडूची माळ, पुढे ड्रायव्हर मळका गमछा गळ्यात टाकून बसलेला. माधवरावांनी लांबूनच 'भैरवगढ, चार सवारी' ठणकावलं. आतून विचारायला काही शिल्लकच ठेवलं नाही. मागे तीनच जागा होत्या.

"मी पुढं बसते," निहारिका म्हणाली आणि कुणी काही बोलायच्या आत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

माधवरावांना ते आवडलं नाही. मागच्या बाकावरून मधल्या काचेतून त्यांना तिची वेणी दिसत होती. ती ड्रायव्हरशी काहीतरी बोलली. ड्रायव्हरनं मान हलवली. ती परत काहीतरी बोलली. ड्रायव्हर हसला.

"काय बोलून राहिलीय ती त्याच्याशी?" माधवराव पुटपुटले.

"जल्दी चला म्हणत असेल," सुलूताई म्हणाल्या. "लेट झालं ना तिला."

आश्चर्य म्हणजे जास्तीच्या दोन सवाऱ्यांची वाट न बघताच ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. धूर निघाला, बाकं थरथरू लागली. माधवरावांना सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं. आणि मग ड्रायव्हरनं मान मागे वळवली. बाकी कुणाकडे बघितलं नाही, सरळ अक्कांकडे बघितलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "अम्माजी, कहाँ जाना है?"

अक्कांनी त्याच्याकडे बघितलं. मग क्षणभर मधल्या काचेकडे बघितलं. मग त्या उठल्या.

"उतरा," त्या म्हणाल्या.

"अक्का!" माधवराव ओरडले. "चालू गाडी आहे."

"चालू नाही झाली अजून. सुलू, हात दे."

सुलूताईंनी हात दिला आणि हाताबरोबर त्याही खाली आल्या, पिशवीसकट. आता माधवराव गप्प बसतील तर ते माधवराव कसले. ते उडी मारून उतरले आणि ड्रायव्हरच्या खिडकीकडे निघाले.

"बता तो दिया था भैरवगढ! फिर काय को पूछा? कान नहीं हैं तुम्हारे?"

"गल्ती हो गई बाऊजी," ड्रायव्हर नम्रपणे म्हणाला आणि त्यानं गियर टाकला.

टेम्पो निघाला. चार हात पुढे गेला. माधवराव तो मागे यायची वाट बघत कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आयुष्यभराचा अनुभव होता त्यांचा, की टेम्पो मागे येतो. हा आला नाही. पिवळी माळ हलवत तो कोपऱ्यावरून वळला, आणि पुढच्या सीटवर त्यांची मुलगी बसलेली होती.

तिथं जे झालं ते बघायला देवास गेटला बरीच माणसं जमली. माधवराव धावले, एक चप्पल सुटली, ती घ्यायला परत आले, परत धावले. अक्का पुन्हा त्याच हॉटेलात, त्याच बाकावर बसल्या होत्या आणि पाणी मागवत होत्या.

"माधव, पाच मिनिटं बस. मग जाऊ."

"खड्ड्यात गेला तुझा नियम!" माधवराव इतक्या जोरात ओरडले, की समोरच्या रसवंतीवाल्याचा चरक थांबला. "पोरगी गेली माझी. अनोळखी माणसाच्या टेम्पोत एकटी गेली, आणि तू पाणी पी!"

ते भीतीनं ओरडत होते. पण भीती वाटली की रागावण्याखेरीज त्यांना दुसरं काही येत नसे, त्याला तेही काय करणार? भरलेला एक टेम्पो निघत होता. दांडीला धरून ते त्यात चढले. ड्रायव्हरनं तोंड उघडलं मात्र, माधवराव गरजले.

"कुछ नहीं पूछना. एक शब्द नहीं. चलो सीधे!"

ड्रायव्हर समजूतदार होता. त्यानं काही विचारलं नाही. माधवराव दांडी घट्ट धरून, डोळे लाल करून उभे होते, आणि शेजारच्यांनीही त्यांना काही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं की भैरवगढच्या वाटेवरचं गोपाळमंदिर लागलंच नाही. बाजार संपत आला होता, मोकळा रस्ता दिसू लागला होता, आणि हा रस्ता इंदौरचा होता. टेम्पो नानाखेड्याला येऊन थांबला. भैरवगढ गावाच्या एका टोकाला आणि हे बरोबर दुसऱ्या.

"ये कहाँ ले आए?" माधवराव म्हणाले.

"नानाखेड़ा बाऊजी. गाड़ी यहीं तक आती है."

"मुझे भैरवगढ़ जाना था. पूछा क्यों नहीं, कहाँ जाना है?"

ड्रायव्हरनं आसपासच्या सवाऱ्यांकडे बघितलं. "आपने ही मना किया था बाऊजी," तो म्हणाला. सवाऱ्यांनी माना डोलावल्या. माधवरावांना त्या क्षणी अख्ख्या उज्जैनला आग लावावीशी वाटली, आणि त्यांच्याजवळ काडेपेटी नव्हती.

ते भैरवगढला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. शर्टाची इस्त्री गेली होती, एका चपलेचा अंगठा तुटला होता, आवाज बसला होता. रस्त्याकडेला वाळत घातलेल्या लाल-काळ्या चादरींच्या पलीकडे एका झाडाखाली त्यांचं कुटुंब दशम्या खात बसलं होतं. अक्का, सुलूताई, आणि मधे निहारिका.

"कुठे होतात तुम्ही?" सुलूताई म्हणाल्या. "आम्ही पाच मिनिटं बसलो, दुसरा टेम्पो मिळाला, सरळ आलो. दर्शनसुद्धा झालं. मंदिराबाहेर दोन दुकानदार अक्कांना भैरवाला दारूचा नैवेद्य असतो, बाटली घ्या म्हणून मागे लागले होते."

"मी घेतली नाही," अक्का म्हणाल्या.

"आणि मुलाखत?" माधवरावांना जेमतेम एवढंच बोलता आलं.

"झाली," निहारिका म्हणाली. "सोमवारपासून यायचं आहे. माझी चित्रं बघितली, एक पत्र लिहून घेतलं. साहेब साधेच आहेत, बाबा. बायका पण आहेत कामाला. संध्याकाळी लवकर सोडतात." तिनं वर बघितलं. "तुम्हाला विचारायचं होतं ना, म्हणून मी विचारून घेतलं."

माधवरावांना आनंद झाला. खरोखर झाला. पण दिवसभराचा राग अंगात तसाच होता आणि तो कुठेतरी काढायलाच हवा होता. म्हणून ते म्हणाले, "तो टेम्पोवाला मला भेटू दे. त्याला सोडणार नाही मी."

निहारिकेनं दशमीचा घास घेतला आणि दुसरीकडे बघितलं.

रविवारी संध्याकाळी माधवराव एकटेच देवास गेटला गेले. घरी कुणी 'कुठे' विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. पिवळी माळ त्यांना लांबूनच दिसली. ड्रायव्हर बाकावर पाय पसरून चहा पीत होता. वाक्यं माधवरावांनी वाटेतच जुळवून ठेवली होती.

"उस दिन," त्यांनी सुरुवात केली, "मैंने चार सवारी भैरवगढ बोला था. बोला था की नहीं?"

"बोला था बाऊजी."

"तो फिर अम्मा से दुबारा क्यों पूछा?"

ड्रायव्हरनं त्यांना ओळखलं. तो घाबरला नाही, उलट त्याला वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"बिटिया ने बोला था बाऊजी. बोली, भैया, गाड़ी चालू करके अम्मा से एक बार पूछ लेना कहाँ जाना है. और वो लोग उतर जाएँ तो रुकना मत." तो थांबला. "रोने जैसी हो रही थी. तो मैंने पूछ लिया."

जुळवून आणलेली सगळी वाक्यं माधवरावांच्या तोंडात राहिली. ड्रायव्हरनं चहा विचारला. त्यांनी तो घेतला आणि उभ्याउभ्याच संपवला. मग घरी आले ते थेट अक्कांच्या खोलीत गेले. अक्का वाती वळत होत्या.

"अक्का, त्या पोरीनं आपल्याला उल्लू बनवलं. तिनंच त्या टेम्पोवाल्याला सांगितलं होतं, तुला विचार म्हणून."

"ठाऊक आहे," अक्का म्हणाल्या.

"ठाऊक आहे? केव्हापासून?"

"तेव्हाच. तू सगळ्या देवास गेटला ऐकू जाईल असं भैरवगढ ओरडला होतास. तरी तो मेला मलाच विचारतो? आणि तिकडे काचेत हिची वेणी थरथरत होती."

"मग उतरलीस कशाला?"

"विचारलं ना त्यानं. नियम म्हणजे नियम." अक्कांनी वात तळहातावर फिरवली. "आणि तू त्या साहेबाशी भांडला असतास, माधव."

माधवरावांनी बोलायला तोंड उघडलं. नसतो भांडलो, असं ते म्हणणार होते. मग शाळेचे ते प्राचार्य त्यांना आठवले, आणि ते तोंड मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. राग आला होता, पण तो या वेळी दुसऱ्या कुणाचा येईना.

सोमवारी सकाळी निहारिका तयार होऊन बाहेर आली. बरीच लवकर निघाली होती, कारण या घराचा तिला अनुभव होता. माधवराव ओट्यावर बाकावर बसले होते. दाढी झालेली होती, आरसा जागेवर नव्हता. ती चपला घालत होती तरी ते काही बोलले नाहीत. ती फाटकाशी गेली तरी बोलले नाहीत. तिनं कडीला हात घातला आणि नवल वाटून मागे बघितलं. अक्काही दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"येते, बाबा," ती म्हणाली.

माधवराव खाकरले. मग नेहमीच्या, समोरच्या गच्चीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "कुठे चाललीस?"

अक्कांनी एक सुस्कारा सोडला. "आता बस पाच मिनिटं," त्या म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

निहारिका परत आली. बाकावर वडिलांशेजारी जागा होती, किंवा ती कुणीतरी करून ठेवली होती. ती बसली. माधवराव समोर रस्त्याकडे बघत राहिले. नंदाभाभी गच्चीवर आल्या, यांना बसलेलं बघून काही न विचारता आत गेल्या. अक्कांनी पाणी आणलं, निहारिका ते सावकाश प्यायली. पाच मिनिटं पाच मिनिटांनीच संपली.

"जाते आता," ती उठत म्हणाली.

"नीरू," माधवराव म्हणाले. अजूनही रस्त्याकडेच बघत होते, आणि चेहरा रागीटच होता. "टेम्पोत पुढंच बसत जा. मागं लोक फार विचारत बसतात."